पट्टा वाकवून वळणारा रणगाडा : तीन मिलिमीटरसाठी घातलेले अकरा महिने

नगरला राहणाऱ्या माणसाला रणगाड्यांचं फार अप्रूप नसतं असं बाहेरच्यांना वाटतं, पण माझं उलट आहे. मी भिंगारला वाढलो, आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे सैन्याच्या रणगाडा दलाच्या, गाड्यांचे आवाज लहानपणापासून कानात आहेत आणि १९९४ साली रणगाडा संग्रहालय सुरू झालं तेव्हापासून तिथे किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. आता टूलरूममध्ये काम करतो, दिवसभर डाय आणि फिक्श्चर, त्यामुळे रणगाडा बघताना तोफेपेक्षा माझं लक्ष आधी खाली जातं, चाकं, पट्टा, सस्पेन्शन.

तिथे जपानी हा-गो ठेवलाय, टाइप ९५. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा हलका रणगाडा, पहिला नमुना १९३४ चा, वजन साधारण साडेसात टन. मागच्या जूनमध्ये पाऊस भुरभुरत होता आणि मी मामांना घेऊन गेलो होतो. मामा आर्मर्ड कोअरमध्ये ड्रायव्हर होते, आता रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. हा-गोच्या पट्ट्याजवळ वाकून मी त्यांना विचारलं, मामा, हे वळवायचं म्हणजे नक्की काय व्हायचं? ते म्हणाले, "अरे सोपंय, ज्या अंगाला वळायचं त्या अंगाची लिव्हर ओढायची, ते अंग दबतं, दुसरं पळतं. पण जमीन बोंबलते बघ. डांबरावर वळलास तर डांबर सोलून निघतं."

जमीन बोंबलते हे शब्द डोक्यात बसले. कारण त्याच आठवड्यात मी दोन महायुद्धांच्या मधल्या ब्रिटिश हलक्या रणगाड्यांबद्दल वाचत होतो आणि त्यात असा एक प्रयोग सापडला होता जो जमिनीला न ओरबाडता वळायचा. पट्टा सरळ ठेवून एक बाजू दाबायची नाही, तर स्टिअरिंग फिरवलं की चाकंच वळायची आणि कलायची, आणि त्यांच्यासोबत अख्खा लोखंडी पट्टा धनुष्यासारखा वाकायचा. व्हिकर्स-आर्मस्ट्राँग्ज या ब्रिटिश कंपनीने १९३७ मध्ये स्वतःच्या पैशाने, सैन्याची ऑर्डर नसताना तो नमुना बनवायला घेतला. त्याचं टोपणनाव होतं 'पर्दा', हो, आपला पडदा, तोच शब्द. सरकारी कागदावर तो A१७ आणि लाइट टँक मार्क सात. टेट्रार्क हे नाव नंतर पडलं.

मी ठरवलं की हा करायचा. शोभेचं मॉडेल नको, मला तो वळताना बघायचा होता. एकाला दहा स्केल घेतलं कारण गणित सोपं जातं. मूळ रणगाडा ४.११ मीटर लांब, २.३१ मीटर रुंद, म्हणजे माझा ४१ सेंटिमीटर बाय २३. मूळ वजन ७.६ टन, आणि लांबी दहापट कमी झाली की वजन हजारपट कमी होतं, म्हणजे माझा बरोबर ७.६ किलोचा पाहिजे. हे वजन मी शेवटपर्यंत सोडलं नाही. हलकं मॉडेल काहीही करून वळतं, त्यातून काही कळत नाही.

आधी या गाडीचं वेगळेपण सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. तोपर्यंतचे ब्रिटिश हलके रणगाडे म्हणजे कार्डन आणि लॉइड या जोडीच्या छोट्या गाड्यांपासून वाढत आलेला वंश. १९२८ मध्ये व्हिकर्सने त्यांची कंपनी घेतली आणि मग मार्क एकपासून मार्क सहापर्यंत गाड्या आल्या, सगळ्यांवर फक्त मशीनगन. सर जॉन कार्डन डिसेंबर १९३५ मध्ये विमान अपघातात गेले. त्यानंतरच्या या गाडीवर सरळ दोन-पाउंडर, म्हणजे ४० मिलिमीटरची तोफ, तीन माणसं, मेडोज कंपनीचं बारा सिलिंडरचं १६५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि रस्त्यावर ताशी ६४ किलोमीटरच्या आसपास वेग. कवच मात्र जास्तीत जास्त १४ मिलिमीटर. आणि प्रत्येक बाजूला फक्त चार मोठी चाकं, वेगळा स्प्रॉकेट (पट्टा ओढणारं दातेरी चाक) नाही, वेगळा आयडलर (दुसऱ्या टोकाला पट्टा ताणून धरणारं चाक) नाही, सगळ्यात मागचं चाकच पट्टा ओढतं. वरचा पट्टा चाकांच्या डोक्यावरूनच परत येतो. चित्र काढलं तर लहान मुलाने काढलेला रणगाडा वाटेल इतकं साधं, आणि या साधेपणातच सगळी गोम आहे.

जुलैमध्ये पुठ्ठ्याची चाकं करून पहिला अंदाज घेतला. ऑगस्टमध्ये दीड मिलिमीटरच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा सांगाडा केला, चाकं लेथवर काढली, ८० मिलिमीटर व्यासाची, रबराची कड चढवली. पहिल्या आणि चौथ्या चाकात अंतर २५० मिलिमीटर. इथपर्यंत सगळं रोजच्या कामासारखं झालं.

मग वळणाचं गणित मांडलं. पट्टा जमिनीवर एका वर्तुळाच्या तुकड्यासारखा पडायला पाहिजे. २५० मिलिमीटर लांबीचा तुकडा मध्यभागी तीन मिलिमीटर बाहेर फुगला तर वर्तुळाची त्रिज्या येते साधारण २.६ मीटर. मी तो आकडा बघत बसलो कितीतरी वेळ. फक्त तीन मिलिमीटर! म्हणजे मधल्या दोन चाकांचे तळ पुढच्या-मागच्या चाकांच्या रेषेतून २.७ मिलिमीटर बाजूला सरकले की झालं. पुढचं आणि मागचं चाक विरुद्ध दिशांना पावणेतीन अंश फिरायचं, मधली दोन जेमतेम एक अंश. मला वाटलं दिवाळीपर्यंत गाडी पळेल.

पहिल्या प्रयत्नात चाकं नुसती वळवली, कारच्या पुढच्या चाकांसारखी उभ्या पिनवर. गाडी सरळच गेली. चाकं तिरकी झाली पण जमिनीवरचे चारही बिंदू एकाच सरळ रेषेत राहिले, मग पट्ट्याने वाकायचं कशाला? चाकं पट्ट्याच्या शिंगांना घासत कुरकुरत राहिली. शिंगं म्हणजे पट्ट्याच्या मधून जे दात वर आलेले असतात ना ते. तेव्हा कळलं की मूळ गाडीत चाकं वळतात आणि कलतात असं जे लिहिलेलं असतं त्यातला 'आणि कलतात' हा भाग सजावटीचा नाही. कललं की चाकाचा तळ बाजूला जातो. तोच तर तीन मिलिमीटर देतो.

म्हणून दुसऱ्यांदा कलायची सोय केली, प्रत्येक चाकाला दोन पिना, एक वळायला, एक कलायला, आणि कलायची पिन ठेवली चाकाच्या मध्यावर, अॅक्सलच्या उंचीला, कारण तिथे ठेवणं सोपं होतं. चाक चार अंश कललं की तळ बरोबर २.७ बाहेर. टेबलावर उलटी ठेवून बघितली तर इतकी सुंदर वाकत होती खालची बाजू की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवली. सरळ करून चालवली तर दहा फुटांत पट्टा उतरला. परत चढवला, परत उतरला. नेहमी वरूनच उतरायचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या आणि मग मोबाइलवर स्लो मोशनमध्ये शूट केलं तेव्हा दिसलं की चाक मध्यावर कलतं म्हणजे तळ जितका बाहेर जातो तितकंच डोकं आत जातं, आणि या गाडीत वरचा पट्टा चाकांच्या डोक्यावरच टेकतो. खालून पट्टा उजवीकडे वाकतोय आणि वरून डावीकडे! मधे पिळला गेला की शिंगं चाकाच्या खाचेतून बाहेर.

उपाय सुचला तो मात्र जेवताना. कलायची पिन वर नेली, चाकाच्या डोक्याच्या उंचीला. आता डोकं जागेवर राहतं आणि तळ लंबकासारखा हलतो, शिवाय पिनेपासून तळापर्यंतचं अंतर वाढल्याने चार अंशांच्या जागी दोन अंशांपेक्षाही कमी कललं तरी तेवढेच २.७ मिलिमीटर मिळतात. यासाठी आठही चाकांचे ब्रॅकेट नव्याने केले. मागच्या चाकाला मोटरचा ड्राइव्ह असल्यामुळे तिथे छोटा युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वाकूनही फिरणारा सांधा) घालावा लागला, तो बसवायला जागा मिळेना म्हणून सांगाड्याची मागची भिंतही कापली. दिवाळी होऊन गेली होती.

पट्ट्याची गोष्ट वेगळीच. एका बाजूला ६३ कड्या, दोन्ही मिळून १२६, प्रत्येक कडी २५ मिलिमीटर रुंद, त्यात २ मिलिमीटरची स्टीलची पिन. पट्टा बाजूला वाकायचा तर पिनेला भोकात ढिलाई पाहिजे हे उघड आहे. मी सरळ २.४ चं ड्रिल मारलं. प्रत्येक सांध्यात पॉइंट चार ढिलं, आणि ६३ सांधे, म्हणजे पट्टा एकूण २५ मिलिमीटर लांबला. चाकांमधून झोळीसारखा लोंबायला लागला. मग दुसऱ्या टोकाला गेलो, गणिताने काढलं की ५.५ अंशांचं वळण जमिनीवरच्या एकवीसेक कड्यांत वाटलं तर एका सांध्याला पाव अंश येतो, त्याला २.१ चं भोक भरपूर झालं. नवीन कड्या, २.१ चं भोक, पट्टा छान ताणलेला, आणि वाकेना! स्टिअरिंग फिरवणारी छोटी सर्वो मोटर घुं घुं करत राहिली आणि तिचे प्लॅस्टिकचे दात गेले.

कागदावर पट्टा गोल वाकतो, जमिनीवर नाही वाकत, हे मला तिथे शिकायला मिळालं. त्याला फक्त चार ठिकाणी चाकं धरतात. चाकांच्या मधे तो सरळच राहतो आणि सगळं वाकणं चाकाखालच्या दोन-तीन सांध्यांवर येतं. तिथे पाव अंश पुरत नाही. म्हणजे लांबीत ढिलाई नको आणि बाजूला वाकायला मात्र पाहिजे, दोन्ही एकाच भोकात.

यावर मार्ग निघाला तो भोकाच्या आकारात. मधे २.१ आणि दोन्ही तोंडांना रुंद होत जाऊन २.४. आडवा काप घेऊन बघितला तर अगदी डमरू. मधल्या कंबरेत पिन घट्ट, त्यामुळे पट्टा लांबत नाही, आणि तोंडं मोकळी असल्याने पिन कलू शकते. १२६ कड्या, प्रत्येकीला दोन तोंडं, २५२ वेळा टेपर रीमर (भोक निमुळतं रुंद करायचं हत्यार) हाताने फिरवला, एक सुद्धा मशीनवर नाही कारण मशीन कंबर खाऊन टाकत होतं. तीन रविवार लागले, अंगठ्याला घट्टे पडले. पण पहिल्यांदा तो पट्टा तळहातावर घेतला आणि तो सापासारखा बाजूला वळला, तेव्हाचा आनंद मला अजून आठवतो. १९३७ मध्ये कुठल्यातरी ब्रिटिश शॉपफ्लोअरवर माझ्यासारख्याच फिटर लोकांनी खऱ्या पोलादी कड्यांवर हेच सोसलं असणार, त्यांची नावं कुठे छापलेली नाहीत, आणि मला राहून राहून त्यांचीच आठवण येत होती.

सर्वो आता २० किलो ताकदीचा, धातूच्या दातांचा घेतला. मामा गच्चीवर येऊन बघत होते. मी जागेवर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून दाखवायला लागलो तर त्यांनी लगेच हात धरला, "उभ्या गाडीत पिळू नको रे, चालती ठेव मग फिरव." खरंच फरक पडतो. उभी असताना साडेसात किलोखाली आठ चाकं कलायची म्हणजे रबर जमिनीवर घासतं, चालत असताना तीच चाकं सहज जागा घेतात. सर्वोचा करंट मोजला तर निम्म्याहून कमी.

जानेवारीत गाडी गच्चीवर रोज पळायला लागली होती. आणि आली संक्रांत. नगरला संक्रांतीला काय असतं ते नगरकरांना सांगायला नको, दिवसभर गच्च्या भरलेल्या, कापलेला मांजा सगळीकडे पडलेला. भोगीच्या दिवशी संध्याकाळी मी गाडी सोडली, आठ-दहा फूट गेली आणि खाडकन थांबली. उजव्या बाजूच्या मागच्या दोन चाकांमधे मांजा असा गुंडाळला गेला होता की कापून काढायला ब्लेड घेऊन पाऊण तास बसलो. चाकं इतकी जवळजवळ आहेत, मधे तीनच मिलिमीटर फट, एकदा दोरा शिरला की तो अॅक्सलपर्यंत ओढला जातो.

हात काळे करून बसलो असताना एकदम आठवलं. ६ जून १९४४, नॉर्मंडी. संध्याकाळी हॅमिलकार नावाच्या मोठ्या ग्लायडरमधून टेट्रार्क उतरवले, वीस गाड्या निघाल्या होत्या. ज्या सुखरूप उतरल्या त्यातल्या बऱ्याच गाड्या शेतात पडलेल्या पॅराशूटच्या दोऱ्यांत अडकून जागच्या जागी ठप्प झाल्या. हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा नुसती एक ओळ म्हणून वाचलं होतं. आता हातात ब्लेड होतं आणि दोरा कुठे कुठे जातो ते दिसत होतं. आत बसलेल्या त्या तीन माणसांना समोर लढाई चालू असताना हे करावं लागलं असेल, या विचाराने मला खरंच कसंतरी झालं. गाडी तशीच ठेवून खाली गेलो, तिळगूळ पण नीट खाल्ला नाही.

मार्च-एप्रिलमध्ये दुसरं प्रकरण, उष्णता. बंद सांगाड्यात दोन मोटरी, त्यांचा वेग सांभाळणारे दोन कंट्रोलर, बॅटरी, आणि एप्रिलमधली नगरची दुपार. बारा मिनिटांत कंट्रोलर गरम होऊन बंद पडायचा. मूळ गाडीची कूलिंग पण कमजोरच होती, आणि त्यामुळे ती मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात पाठवण्याजोगी धरली गेली नाही. छोट्या अंगात मोठं इंजिन कोंबलं की हवा जायला वाट उरत नाही. मी मागच्या झाकणाला जाळी कापली आणि एक छोटा पंखा बसवला, आता पंचवीस मिनिटं चालते. पण दुपारी नाही चालवत.

कमी त्रिज्येच्या वळणाचं काय, हा प्रश्न राहिला होता. २.६ मीटर त्रिज्या म्हणजे खऱ्या गाडीत २६ मीटर, गल्लीत काय करणार? मूळ गाडीतही पट्टा वाकवणं हे सौम्य वळणासाठीच होतं, जास्त वळायचं तर एक बाजू ब्रेकने दाबावीच लागायची. व्हिकर्सच्याच कॅरिअरमध्ये, म्हणजे माणसं आणि सामान नेणाऱ्या छोट्या पट्ट्याच्या गाड्यांमध्ये, ज्या हिंदी सैन्याने दुसऱ्या महायुद्धात भरपूर वापरल्या, तिथेही अशीच जोडी होती, स्टिअरिंग थोडं फिरवलं की पट्टा वाकायचा, आणखी फिरवलं की ब्रेक लागायचा. मी रिमोटमध्ये तसंच बसवलं. काडी पहिल्या एक तृतीयांशात असेपर्यंत फक्त चाकं कलतात, त्यापुढे आतल्या बाजूची मोटर हळू होत जाते. हे जुळवायला दोन आठवडे लागले, कारण दोन्हीच्या सांध्यावर गाडी झटका मारायची.

१९३८ च्या मे-जूनमध्ये ब्रिटिश सैन्याने या गाडीच्या चाचण्या घेतल्या तेव्हा त्यांना हलका रणगाडा म्हणून ती नको होती, कारण तेवढे मार्क सहा येतच होते, आणि हलका क्रूझर, म्हणजे वेगाने पुढे घुसणारा रणगाडा, म्हणून बघितली तर तिथेही कमी पडत होती. शेवटी बाहेर जादा इंधनटाकी लावायच्या अटीवर घेतली. मला या निर्णयाचा राग यायचा आधी. आता येत नाही. १४ मिलिमीटरच्या पत्र्यात माणसं बसवून पाठवायची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी नुसत्या सुंदर वळणावर भाळून चालत नाही. पण वळण सुंदर आहे हेही तितकंच खरं, आणि ते त्यांना दाखवणाऱ्या माणसांनी काहीतरी मोठं केलं होतं असं माझं ठाम मत आहे.

मेच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत, शेवटची चाचणी घेतली. बायकोकडून पांढरी रांगोळी मागून घेतली, दोन किलो, आणि गच्चीच्या अर्ध्या भागावर चाळणीने पातळ पसरली. मामांना खुर्ची दिली. आधी चाकं कलवायची सोय बंद ठेवून नुसत्या ब्रेकने वळवली. रांगोळीत पंख्यासारखे फराटे उमटले, प्रत्येक कडीने जमीन बाजूला खरवडलेली, कडेला छोटे ढीग. मामा म्हणाले, हां, हे आपलं ओळखीचं.

मग रांगोळी परत सारखी केली, सर्वो चालू केला आणि काडी थोडीशीच डावीकडे नेली. गाडी गेली. मागे दोन समांतर पट्टे राहिले, गोल वळत गेलेले, आणि त्यात प्रत्येक कडीचा ठसा सुटा सुटा दिसत होता, कडेची रेघ सुद्धा न पुसलेली. कुठेही फराटा नाही. मामा खुर्चीतून उठून गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला आणि बोट न लावता त्या ठशांवरून हात फिरवत गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जमिनीला कळलंच नाही रे."

मी सुतळी लावून त्रिज्या मोजली. २.९ मीटर आली, गणितापेक्षा तीस सेंटिमीटर जास्त, थोडी ढिलाई कुठल्यातरी ब्रॅकेटमध्ये राहिलीये, बहुतेक तिसऱ्या चाकाच्या. मामांनी रिमोट मागितला. "आता रिव्हर्स मार," असं मला सांगता सांगता त्यांनी स्वतःच काडी मागे ओढली आणि गाडी आपल्याच ठशांवरून, त्याच वळणाने, मागे यायला लागली.